फाइलीकडून डेटाबेसकडे आणि पुन्हा फाइलीकडे : स्थिर जालनिशीचा इतिहास आणि मराठी संहितेचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

महाजालावरील वैयक्तिक लेखन आता तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेबाहेर ठेवता येत नाही. प्रवासवर्णन, आत्मपर लेख, ग्रंथपरीक्षण, भाषांतर आणि वादविवाद अशा अनेक प्रकारांतील मराठी लेखन २००० नंतरच्या दशकापासून 'ब्लॉग' या नावाने, तसेच 'अनुदिनी' किंवा 'जालनिशी' या मराठी पर्यायांनी प्रसिद्ध होत आले आहे. या लेखनाच्या आशयाची चर्चा होते. परंतु त्याची संहिता नेमकी कोठे आणि कोणत्या रूपात अस्तित्वात असते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मुद्रित ग्रंथाचा संदर्भ देताना अभ्यासक आवृत्ती नमूद करतो, हस्तलिखिताचा संदर्भ देताना पोथी आणि संग्रह नमूद करतो. जालनिशीतील लेखाचा संदर्भ मात्र पृष्ठाचा पत्ता आणि ते पाहिल्याची तारीख देऊन पुरा केला जातो. त्या पत्त्यावर उद्या तोच मजकूर असेल याची शाश्वती नाही, हे तारीख देण्याच्या या प्रथेतच गृहीत धरलेले आहे.

वाचकाला पडद्यावर दिसणारे पृष्ठ दोन भिन्न रीतींनी तयार झालेले असू शकते. पहिल्या रीतीत लेखाचा मजकूर डेटाबेसमध्ये साठवलेला असतो आणि वाचकाने पृष्ठ मागताच सर्व्हरवरील आज्ञावली तो मजकूर, शीर्षपट्टी, सूची आणि प्रतिक्रिया एकत्र करून पृष्ठ रचते. प्रत्येक वाचन म्हणजे एक नवा प्रयोग असतो. दुसऱ्या रीतीत पृष्ठ आधीच रचून फाइलीच्या रूपात ठेवलेले असते. सर्व्हर ती फाइल जशीच्या तशी वाचकाच्या हाती देतो. या दुसऱ्या रीतीची सर्व पृष्ठे लेखकाच्या साध्या मजकुरापासून एकाच वेळी तयार करून देणाऱ्या आज्ञावलीला 'स्टॅटिक साइट जनरेटर' असे म्हणतात.

या साधनाचा इतिहास सामान्यतः गती, सुरक्षितता आणि खर्च या अंगांनी सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो संहितेच्या मालकीचा आणि टिकण्याचा इतिहास म्हणून मांडण्याचा प्रयत्न आहे. स्थिर जालनिशीने लेखकाची मूळ संहिता पुन्हा लेखकाच्या हाती दिली, हे खरे. परंतु ज्या 'साध्या मजकुरा'वर ही सर्व रचना उभी आहे, तो मराठीसारख्या भाषेसाठी निसर्गसिद्ध नव्हता. तो दीर्घ प्रयत्नांनी घडवावा लागला आणि अद्यापही पूर्णतः घडलेला नाही, असे या विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

२. पूर्वपीठिका : मूळ संहिता आणि तिचे फलित

लेखकाने एक मजकूर लिहावा आणि यंत्राने त्यापासून दुसरा, वाचनीय मजकूर तयार करावा, ही कल्पना महाजालाहून जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जेरोम साल्टझर यांनी १९६४ मध्ये 'रनऑफ' ही आज्ञावली लिहिली. तीत मजकुराच्या ओळींमध्येच परिच्छेद, समास यांविषयीच्या सूचना लिहिल्या जात आणि मुद्रणाच्या वेळी यंत्र त्या सूचनांचे पालन करी. बेल लॅबोरेटरीजमधील युनिक्स प्रणालीच्या आरंभीच्या वापरकर्त्यांत १९७१ च्या सुमारास तेथील पेटंट विभाग होता आणि त्याचे काम दस्तऐवज तयार करण्याचेच होते. १९६९ मध्ये आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मजकुराच्या दिसण्याऐवजी त्याच्या घटकांना नावे देणारी चिन्हांकन-पद्धती विकसित केली. तिच्यातूनच १९८६ मध्ये 'एसजीएमएल' हे आंतरराष्ट्रीय मानक सिद्ध झाले. 'ही ओळ ठळक करा' असे सांगण्याऐवजी 'ही ओळ शीर्षक आहे' असे सांगावे, हे या मानकाचे मूलतत्त्व होते.

डॉनल्ड कनूथ यांचे उदाहरण साहित्याभ्यासकांना अधिक जवळचे वाटेल. स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून असमाधानी झालेल्या या गणितज्ञाने १९७७ मध्ये अक्षरजुळणीची स्वतंत्र प्रणाली रचण्यास आरंभ केला आणि १९७८ मध्ये 'टेक'ची पहिली आवृत्ती तयार झाली. ग्रंथाच्या देखण्या पानांइतकीच त्या पानांना जन्म देणारी साध्या मजकुराची फाइलही लेखकाजवळ राहू लागली. याच काळात, १९७६ मध्ये, बेल लॅबोरेटरीजमधील स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' ही आज्ञावली लिहिली. कोणती फाइल कोणत्या फाइलीपासून तयार होते याची नोंद ठेवून, मूळ फाइल बदलली असेल तेवढेच फलित पुन्हा तयार करणे हे तिचे कार्य होते. चिन्हांकित मूळ मजकूर, त्याला रूप देणारा साचा आणि फलिताची पुनर्निर्मिती ही पुढील साइट जनरेटरची तीनही अंगे अशा रीतीने महाजालाच्या जन्मापूर्वीच सिद्ध झालेली होती.

३. फाइलींचे महाजाल

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडलेला प्रस्ताव ऑगस्ट १९९१ मध्ये सार्वजनिक स्वरूपात जाहीर झाला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने या तंत्राची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. हे आरंभीचे जाल मुख्यतः फाइलींचे होते. लेखकाने एचटीएमएल या चिन्हांकन-भाषेत फाइल लिहावी, ती सर्व्हरवर ठेवावी आणि वाचकाने ती उघडावी, इतकी ही व्यवस्था सरळ होती. लेखकाची प्रत आणि वाचकाची प्रत एकच असे.

या व्यवस्थेतील अडचण पृष्ठे वाढू लागल्यावर जाणवली. चाळीस पृष्ठांच्या संकेतस्थळावर अनुक्रमणिकेत एक ओळ वाढवायची झाल्यास ती चाळीस फाइलींत हाताने वाढवावी लागे. नवा लेख लिहिला की मुखपृष्ठ, जुन्या लेखांची सूची आणि विषयवार सूची या सर्व ठिकाणी त्याची नोंद करावी लागे. १९९३ मध्ये 'सीजीआय' या संकेतामुळे वाचकाची मागणी येताच सर्व्हरवरील आज्ञावली चालवून पृष्ठ रचणे शक्य झाले आणि या श्रमांतून सुटकेचा एक मार्ग उघडला. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या 'जिओसिटीज'सारख्या सेवांनी दुसरा मार्ग दिला : लक्षावधी सामान्य माणसांना पृष्ठे ठेवण्यासाठी विनामूल्य जागा मिळाली. श्रम आणि जागा या दोन्ही बाबतींत लेखक क्रमाक्रमाने इतरांवर अवलंबून होऊ लागला.

४. जालनिशीचा उदय आणि डेटाबेसचा विजय

'वेबलॉग' हा शब्द डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्जर यांनी रूढ केला आणि १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी त्याची केलेली फोड 'ब्लॉग' या संक्षिप्त नावाला कारण झाली. तारखेच्या उलट क्रमाने रचलेल्या नोंदी हे या प्रकाराचे रूपलक्षण होते. ऑगस्ट १९९९ मध्ये पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने 'ब्लॉगर' ही सेवा सुरू केली. नंतरच्या इतिहासामुळे विस्मरणात गेलेली एक गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. आरंभीचे ब्लॉगर हे लेखकाचा मजकूर साच्यात बसवून तयार झालेली स्थिर पृष्ठे लेखकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर पाठवून देऊ शकत असे. बेन आणि मेना ट्रॉट या दांपत्याने ऑक्टोबर २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली 'मूव्हेबल टाइप' ही आज्ञावलीही स्थिर फाइलीच निर्माण करी. तिचे नाव सुट्या खिळ्यांच्या मुद्रणावरून घेतलेले असणे, हे तिच्या कार्यपद्धतीला साजेसे होते : जुळणी एकदा, वाचन अनेकदा.

तरीही विजय डेटाबेसचाच झाला. त्याची कारणे त्या रचनेतच होती. मूव्हेबल टाइपमध्ये साचा बदलला की सर्व पृष्ठांची पुनर्रचना करावी लागे. शेकडो नोंदी असलेल्या जालनिशीत हे काम वेळखाऊ होते. वाचकाची प्रतिक्रिया आली की संबंधित पृष्ठे पुन्हा रचावी लागत, आणि जाहिरातबाज प्रतिक्रियांचा मारा सुरू झाल्यावर सर्व्हरवरील हा ताण असह्य होऊ लागला. मे २००४ मध्ये मूव्हेबल टाइपच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर परवान्याच्या अटी बदलल्या आणि अनेक लेखकांनी दुसरा पर्याय शोधला. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केलेली 'वर्डप्रेस' ही मुक्त आज्ञावली तोवर उपलब्ध झाली होती. ती पीएचपी भाषेत लिहिलेली होती, मजकूर मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ठेवीत होती आणि पृष्ठ प्रत्येक वाचनाच्या वेळी रचीत होती.

या बदलाचा संहितेवर झालेला परिणाम मूलगामी होता. लेखकाजवळ आता फाइल उरली नाही. लेख ब्राउझरमधील एका चौकटीत टंकित होई आणि थेट डेटाबेसच्या एका कोष्टकात जाऊन बसे. तो बाहेर काढण्यासाठी निर्यातीची सोय असली, तरी निर्यात झालेल्या फाइलीत मजकूर आणि व्यवस्थेची चिन्हे यांची सरमिसळ असे. दुरुस्ती केली की वाचकाच्या दृष्टीने जुना पाठ नाहीसा होई. सेवा बंद पडली, भाडे थकले किंवा आज्ञावलीची आवृत्ती कालबाह्य झाली, तर पृष्ठाचा प्रयोगच थांबे. संहिता नष्ट झालेली नसे; पण तिचा प्रयोग करणारी मंडळी निघून गेलेली असत.

हा धोका काल्पनिक नव्हता. १९९९ मध्ये जिओसिटीज विकत घेणाऱ्या याहू कंपनीने २६ ऑक्टोबर २००९ रोजी ती सेवा बंद केली. केवळ जपानमधील शाखा २०१९ पर्यंत चालू राहिली. 'आर्काइव्ह टीम' या स्वयंसेवकांच्या गटाने आणि १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'इंटरनेट आर्काइव्ह'ने या पृष्ठांचा मोठा भाग उतरवून घेतला. जिओसिटीजची पृष्ठे स्थिर फाइलींची होती, म्हणूनच बाहेरच्या माणसाला ती जशीच्या तशी उतरवून घेता आली, हा या घटनेतील संशोधकाने टिपावा असा मुद्दा आहे. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, २००३ पासून गूगलच्या मालकीच्या असलेल्या ब्लॉगरने लेखकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर पृष्ठे पाठवण्याची जुनी सोय बंद केली.

५. फाइलीकडे पुनरागमन

डेटाबेसच्या विजयाच्या काळातच विरुद्ध दिशेचा प्रवाह चालू होता. रेल डॉर्नफेस्ट यांची 'ब्लॉसम' ही छोटी आज्ञावली साध्या मजकुराच्या फाइलींनाच जालनिशी मानी. २००४ मध्ये जॉन ग्रूबर यांनी, आरन स्वार्ट्झ यांच्या सहकार्याने, 'मार्कडाउन' ही लेखनपद्धती प्रसिद्ध केली. साध्या मजकुराच्या ई-पत्रांत रूढ झालेले संकेत तिचा आधार होते. शब्दाला दोन्ही बाजूंनी तारका दिल्या की तो तिरपा होई, ओळीच्या आरंभी आडव्या-उभ्या रेघांचे जाळीचिन्ह दिले की ते शीर्षक होई, एक ओळ मोकळी सोडली की नवा परिच्छेद सुरू होई. एचटीएमएलमध्ये रूपांतर होण्यापूर्वीही हा मजकूर माणसाला वाचता यावा, हा तिचा आग्रह होता. संहिताशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर येथे कच्चा खर्डाच वाचनीय पाठ मानलेला होता.

२००८ च्या अखेरीस 'गिटहब' या सेवेचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी 'जेकिल' ही रूबी भाषेतील आज्ञावली जाहीर केली. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या १८८६ च्या लघुकादंबरीतील डॉक्टरचे नाव तिला दिलेले होते. पुढे पायथन भाषेत तिला जोडीदार म्हणून 'हाइड'ही आला. तिची कार्यपद्धती थोडक्यात अशी आहे. प्रत्येक लेख ही एक स्वतंत्र फाइल असते आणि तिच्या नावातच वर्ष, महिना, दिवस व शीर्षक असते. फाइलीच्या माथ्यावर दोन तुटक रेघांमध्ये शीर्षक, साचा, विषय इत्यादी नोंदी असतात. त्याखाली मार्कडाउनमध्ये लेख असतो. साचे वेगळ्या दालनात असतात. लेखकाने एक आज्ञा दिली की आज्ञावली सर्व लेख वाचते, साच्यांत बसवते, सूची तयार करते आणि तयार पृष्ठांचे एक स्वतंत्र दालन निर्माण करते. ते दालन कोणत्याही साध्या सर्व्हरवर नेऊन ठेवले की प्रकाशन पूर्ण होते. डिसेंबर २००८ मध्ये गिटहबने अशी पृष्ठे विनामूल्य ठेवण्याची सोय सुरू केल्याने ही पद्धत वेगाने पसरली. पायथनमधील 'पेलिकन', २०१३ मधील गो भाषेतील 'ह्यूगो' आणि त्यानंतरचे अनेक जनरेटर याच परंपरेतील आहेत. यंत्रांची वाढलेली शक्ती आणि नव्या आज्ञावल्यांची रचना यांमुळे मूव्हेबल टाइपला जड गेलेली पुनर्रचना आता अल्पावधीत होऊ लागली होती.

या पद्धतीत तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या झाल्या. लेखकाच्या संगणकावरील मार्कडाउन फाइल ही मूळ संहिता, निर्माण झालेली पृष्ठे ही आवृत्ती, आणि पृष्ठे जेथे ठेवली जातात तो सर्व्हर हे ग्रंथालय. ग्रंथालय बदलले तरी आवृत्ती टिकते. साचा टाकून दिला तरी संहिता टिकते. डेटाबेसच्या व्यवस्थेत या तिन्ही गोष्टी एकाच सेवेच्या हाती एकवटलेल्या होत्या.

६. मराठीच्या बाबतीत 'साधा मजकूर'

वरील इतिहास इंग्रजी लेखकाच्या दृष्टीने पूर्ण आहे. त्याच्यासाठी साधा मजकूर ही १९६० च्या दशकापासून हाताशी असलेली वस्तू होती. मराठी लेखकाची स्थिती निराळी होती.

१९९१ हे वर्ष या दृष्टीने सूचक आहे. महाजालाची सार्वजनिक घोषणा त्याच वर्षी झाली, भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे राष्ट्रीय मानक त्याच वर्षी सिद्ध झाले आणि देवनागरीचा समावेश असलेली युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. तथापि या तीन गोष्टींची सामान्य संगणकावर गाठ पडण्यास जवळजवळ दशक जावे लागले. एचटीएमएलने युनिकोडचा वर्णसंच १९९७ मध्ये स्वीकारला. विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीची जोडाक्षरे युनिकोडनुसार योग्य दिसू लागली आणि कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा फाँट मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला.

मधल्या काळात मराठी मजकूर फाँटांच्या आश्रयाने जगत होता. प्रत्येक फाँटकर्त्याने रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीच्या आकृती आपापल्या सोयीने बसवलेल्या होत्या. अशी फाइल तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा अर्थहीन पुंजका दिसे. ही फाइल स्थिर होती, लेखकाच्या मालकीची होती, तिची प्रत काढता येत होती. तरीही ती मराठी संहिता नव्हती, कारण तिचा अर्थ एका कंपनीच्या फाँटच्या कोष्टकात अडकलेला होता. तमिळ भाषकांनी 'टिस्की' ही सामाईक सांकेतिक पद्धत समुदायाच्या पातळीवर घडवून हा गुंता काही प्रमाणात आवरला. मराठीत फाँटागणिक संकेत निराळा अशीच स्थिती दीर्घकाळ राहिली. फाँटबद्ध मजकूर युनिकोडमध्ये नेणे हे केवळ अक्षरांची अदलाबदल करण्याचे काम नव्हते. फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी लिहिलेली असते, तर युनिकोडमध्ये ती उच्चारक्रमानुसार व्यंजनानंतर येते. रफार डोळ्यांना शेवटी दिसतो, पण युनिकोडमध्ये तो आरंभी लिहावा लागतो. रूपांतर म्हणजे एका अर्थाने दृश्य लिपीचे वर्णक्रमात केलेले भाषांतर होते आणि त्यात पाठभ्रष्टतेस भरपूर वाव होता.

युनिकोड आल्यावरही प्रश्न संपले नाहीत. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद प्रत्येक मराठी विद्यार्थी शिकतो. पहिला शब्द गुरूसाठी, दुसरा स्वयंपाक्यासाठी. दुसऱ्या शब्दातील अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो : नुक्तायुक्त र आणि हलन्त यांनी, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात. शोध घेणाऱ्या यंत्राला ती भिन्न असतात. 'ॲ' या स्वरासाठी स्वतंत्र स्थान युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये, मिळाले. त्यापूर्वी तो 'अ' आणि चंद्र यांच्या जोडणीने लिहिला जाई, आणि ती जुनी जोडणी आजही अनेक फाइलींत आहे. अन्य भारतीय भाषांचा अनुभव याहून वेगळा नाही. बंगालीतील खंड-त या अक्षराला स्वतंत्र स्थान २००५ मध्ये आणि मल्याळममधील चिल्लु अक्षरांना २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वी दोन्ही भाषांना अदृश्य जोडचिन्हाचाच आधार घ्यावा लागत होता. साध्या मजकुराच्या या सामाईक इतिहासाचा तौलनिक अभ्यास होणे आवश्यक आहे.

साइट जनरेटरच्या घडणीतही रोमन लिपीचे गृहीतक ठिकठिकाणी आढळते. मार्कडाउनच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॉमनमार्क' या नियमबद्ध रूपात क्रमांकित यादी ओळखली जाते ती केवळ रोमन लिपीबरोबर वापरल्या जाणाऱ्या अंकांनी. मराठी अंकांनी केलेली यादी सामान्य परिच्छेद मानली जाते. जेकिलमधील तारीख साच्याच्या नेहमीच्या आज्ञेने इंग्रजी महिन्यांच्या नावांनी उमटते. 'चैत्र' तर दूरच, 'जानेवारी' उमटवण्यासाठीही लेखकाला साच्यात नावांची यादी स्वतः लिहावी लागते. शीर्षकापासून पृष्ठाचा पत्ता तयार करताना 'अक्षरे आणि अंक ठेवावेत, उर्वरित गाळावे' असा नियम एखाद्या आज्ञावलीत असेल, तर युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही 'अक्षरे' नसून 'चिन्हे' असल्याने 'मराठी' या शब्दाचे 'मरठ' होते. पत्ता शाबूत राहिला, तरी प्रत्येक देवनागरी वर्ण तीन बाइटांचा असल्याने त्याच्या जागी नऊ रोमन चिन्हे येतात. 'मराठी' हे पाच वर्णांचे नाव पत्रातून पाठवले की पंचेचाळीस चिन्हांचे होते. त्यामुळे शीर्षक मराठी आणि फाइलीचे नाव रोमन, अशी दुहेरी नामव्यवस्था पत्करणे लेखकाला सोयीचे ठरते.

७. पाठचिकित्सेच्या दृष्टीने

स्थिर जालनिशीची फाइल बहुधा 'गिट' या आवृत्ती-नोंद प्रणालीत ठेवली जाते. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ती मूलतः लिनक्सच्या विकासासाठी लिहिली. प्रत्येक नोंदीबरोबर संपूर्ण संग्रहाची त्या क्षणीची अवस्था, नोंद करणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण जतन होते. दोन अवस्थांमधील फरक दाखवण्याचे तंत्र त्याहून जुने असून डग्लस मॅकिलरॉय यांच्या १९७० च्या दशकातील 'डिफ' या आज्ञावलीपर्यंत ते मागे जाते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभ करून १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीमुळे पाठभेदांच्या नोंदीचे मोल मराठी विद्वत्परंपरेला अपरिचित नाही. तेथे विखुरलेल्या पोथ्यांवरून हरवलेल्या पाठाकडे जावे लागले. येथे लेखकाचे खर्डे क्रमाने व दिनांकित स्वरूपात उपलब्ध होऊ शकतात. परंतु या सादृश्याच्या मर्यादा स्पष्ट केल्या पाहिजेत. गिटमध्ये केवळ लेखकाने नोंदवलेल्या अवस्थाच राहतात. दोन नोंदींमधील खाडाखोड नाहीशी होते. नोंदींचा इतिहास मागाहून पुनर्लिखित करता येतो. फरक ओळीगणिक दाखवला जात असल्याने, संपूर्ण परिच्छेद एका ओळीत लिहिणाऱ्या गद्यलेखकाच्या बाबतीत एका अनुस्वाराचा बदलही सगळा परिच्छेद बदलल्यासारखा दिसतो. देवनागरी फाइलनाव तर ही प्रणाली, तिची मूळ मांडणी न बदलल्यास, अंकांच्या साखळीत रूपांतरित करून दाखवते. हे साधन प्रोग्रॅमच्या ओळींसाठी घडले होते. साहित्याच्या संहितेने ते उसने घेतले आहे.

८. मर्यादा आणि आक्षेप

स्थिर जालनिशीवरील पहिला गंभीर आक्षेप वाचकाविषयीचा आहे. जालनिशी हा प्रकार प्रतिक्रियांमुळे संवादी झाला होता. लेखाखालील चर्चा हा त्याच्या ग्रहणाचा थेट पुरावा होता. स्थिर पृष्ठाला प्रतिक्रिया स्वीकारता येत नाहीत. त्यासाठी 'डिस्कस'सारख्या बाह्य सेवेचा आधार घेतला जातो, आणि मग लेख लेखकाच्या हाती व चर्चा दुसऱ्याच्या हाती अशी संहितेची फाळणी होते. पुढील काळातील ग्रहणाभ्यासकाला लेख सापडेल, चर्चा सापडेलच असे नाही.

दुसरा आक्षेप प्रवेशाधिकाराचा आहे. ब्राउझरमधील चौकटीत लिहिणे कोणालाही जमते. आज्ञावली बसवणे, आदेशांची ओळ चालवणे आणि इंग्रजीतील त्रुटिसंदेश समजून घेणे याला विशिष्ट शिक्षण लागते. डेटाबेसवर आधारलेल्या विनामूल्य सेवांमुळेच अनेक मराठी लेखकांना महाजालावर पहिल्यांदा लिहिता आले, हे नाकारता येत नाही. मालकी आणि सुलभता यांच्यातील हा ताण साइट जनरेटरने सोडवलेला नाही. त्याने निवडीचा एक मार्ग तेवढा खुला केला.

तिसरा मुद्दा ग्रंथालयाचा. पृष्ठे विनामूल्य ठेवण्याची जागा अखेर एखाद्या कंपनीचीच असते. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतल्याने त्या जागेचा मालक बदलला. फाइल लेखकाजवळ असल्याने तिला अन्यत्र नेता येते, हे खरे. परंतु लेखकाच्या मृत्यूनंतर ती कोण नेणार, या प्रश्नाला तंत्राजवळ उत्तर नाही.

९. निष्कर्ष

फाइलीकडून डेटाबेसकडे आणि पुन्हा फाइलीकडे झालेला हा प्रवास वर्तुळाकार भासला, तरी तो तसा नाही. १९९१ च्या फाइलीत संहिता आणि तिचे रूप एकजीव होते. २००८ नंतरच्या फाइलीत ती वेगळी आहेत आणि हे वेगळेपण १९६० व १९७० च्या दशकांतील मजकूर-प्रक्रियेच्या परंपरेतून आलेले आहे. जालनिशीचा संदर्भ देणाऱ्या अभ्यासकाने म्हणून पृष्ठाचा पत्ता नोंदवून थांबू नये. पृष्ठ कोणत्या रीतीने निर्माण झाले, मूळ संहिता उपलब्ध आहे काय आणि असल्यास कोणती अवस्था वाचली, हेही नोंदवणे उचित ठरेल.

मराठीच्या बाबतीत याहून एक पायरी पुढे जावे लागते. फाँटबद्ध काळातील मजकूर आज वाचता येत नसेल, तर त्याचे कारण फाइल हरवली हे नसून वर्णांचा संकेत खाजगी होता हे आहे. संहितेच्या टिकण्यासाठी तिची प्रत लेखकाजवळ असणे ही एक अट आहे, आणि ती ज्या वर्णसंकेतात लिहिली आहे तो सार्वजनिक व एकरूप असणे ही दुसरी. साइट जनरेटरने पहिली अट पुरी करण्याचे साधन दिले. दुसरी अट पुरी करण्याचे काम, अर्ध्या र-पासून फाइलीच्या नावापर्यंत, भाषाभ्यासक, संपादक आणि आज्ञावली लिहिणारे यांनी मिळून करावयाचे आहे. ते होईपर्यंत मराठी जालनिशीच्या कोणत्याही संग्रहाला 'सिद्ध पाठ' म्हणण्यापूर्वी पडद्यामागील वर्ण तपासून पाहणे, हे संपादकाचे पहिले कर्तव्य राहील.